शहारे आल्यावर तू बसलीस, ते बरोबरच केलंस

ताई, नमस्कार.

मी बाळापूर तालुक्यातली. वय २१, बी.ए. झालंय, पोलीस भरतीची तयारी करते. फेब्रुवारीत माझं ८०० मीटरचं टायमिंग ३ मिनिटं ४ सेकंद होतं. एप्रिल लागला आणि ते ३:२२ वर गेलं. आता मे महिन्यात अर्ध्यातच पाय जड होतात. सकाळी पाणी भरून, स्वयंपाक आटोपून ग्राउंडवर जायला आठ वाजतात. संध्याकाळी साडेपाचला अकॅडमीचा सराव असतो. मागच्या आठवड्यात शेवटच्या फेरीला भर उन्हात अंगावर शहारे आले, डोकं ठणकायला लागलं, मी खाली बसले. सर म्हणाले, "नाटकं नको. पोलिसात जायचंय ना? साबळे काय एसीत पळतो का?" मैत्रीण म्हणते पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून पळ, वजन उतरतं. सर म्हणतात पाणी पिऊन पळू नये. आई रोज खिशात कांदा टाकून देते. मी कोणाचं ऐकू?

– वैतागलेली, जि. अकोला

वैतागलेल्या पोरी,

आधी शहाऱ्यांचं बोलू. बाकीचं सगळं मागून.

बेचाळीस अंशांत पळताना अंगावर काटा येतो, थंडी वाजल्यासारखं होतं, सोबत डोकं ठणकतं, मळमळतं, याला आपल्याकडे 'ऊन बाधलं' म्हणतात. शरीर तापाच्या कडेला आलंय आणि आता त्याला आवरत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. तू बसलीस. नाटक करायचं असतं तर ते पहिल्याच फेरीला केलं असतंस. तीच पुढची फेरी दात-ओठ खाऊन मारली असतीस तर कदाचित हे पत्र लिहायला तू नसतीस. घाबरवायला सांगत नाही. उन्हात पळण्यातला सगळ्यात मोठा धोका म्हातारीकोतारीला नसतो. तो तुझ्यासारख्या तरण्याताठ्या, जिद्दी पोरांना असतो, कारण त्यांना थांबायला कोणी शिकवलेलं नसतं.

आता टायमिंग का घसरलं ते बघ. पळताना आपण जेवढी ताकद खर्च करतो, त्यातली जेमतेम पाव पुढे सरकायला लागते. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगात साठते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धाडावं लागतं आणि पायांनाही त्याच वेळी रक्त हवं असतं. तू सकाळी पाणी भरतेस ना? एका नळाला दोन पाइप लाव, दोन्हीची धार बारीक होते. तेच तुझ्या पोटऱ्यांचं होतंय. फेब्रुवारीतली तुझी तयारी कुठे गेलेली नाही, ती अंगातच आहे. पण तेच हृदय आता दोन ठिकाणी राबतंय. त्यामुळे एप्रिलमधल्या ३:२२ वरून स्वतःला नापास करायचं काही कारण नाही. माझ्या हाताखालच्या मुलींचे मे-जूनचे आकडे मी वहीत वेगळ्या पानावर लिहायचे. फेब्रुवारीच्या पानाशेजारी ते ठेवले की मुली रडायच्या, म्हणून.

घाम कसं काम करतो हे तर तुला कोणी सांगायलाच नको, तुझ्या घरी कूलर आहे. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात कूलर झकास चालतो, कारण ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घामाचंही तेच. हवा ४१-४२ असते तेव्हा ती कातडीपेक्षा गरम असते, म्हणजे वारासुद्धा तुला तापवतो. उष्णता जायला वाट एकच राहते, घाम उडण्याची. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही काही थोडी नाही. आपल्याकडे घाम लगेच सुकतो, त्यामुळे 'मला घामच आला नाही' असं पोरी म्हणतात. घरी जाऊन टी-शर्ट बघ, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतील.

आता साबळे. सरांना उदाहरण द्यायचंच होतं तर पूर्ण द्यायला हवं होतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत पळत जायचा, सैन्यात गेल्यावर सियाचीनलाही राहिला आणि राजस्थानच्या वाळवंटातही, हे सगळं खरं. पण ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचे, राष्ट्रीय विक्रम मोडणाऱ्या या माणसाचा मोठा सराव कुठे झाला? उटीला आणि अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला. दोन्ही उंचावरची, थंड हवेची ठिकाणं. त्यामागे उंचीवरच्या विरळ हवेचं गणित आहे, पण देशातला सगळ्यात चिवट पळणारासुद्धा जोराच्या सरावासाठी अकोल्याचा मे महिना निवडत नाही, एवढं तर त्यावरून कळतंच. तुला उटीला जाता येणार नाही. पण अकोल्यातही रोज दीड-दोन तास 'उटी' येते, ती कधी येते ते बघू.

दिवसातली सगळ्यात थंड वेळ सूर्य उगवायच्या जरा आधीची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, पण सव्वापाचला वाट दिसायला लागते. आठ वाजता तू पोचतेस तोवर ऊन चटकायला लागलेलं असतं. संध्याकाळी साडेपाच तर त्याहून वाईट. दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान तीन-चारला असतं आणि साडेपाचला हवा त्यातून जेमतेम उतरायला लागते. डांबरी रस्ता आणि काळी माती दिवसभर प्यालेलं ऊन खालून ओकत असतात, पायाला ते कळतं.

"पहाटे पळ" असं सांगणं फार सोपं आहे, हे मला ठाऊक आहे. मुलगे चारला उठून हायवेच्या कडेनं पळतात. तुला अंधारात एकटीला कोण सोडणार, आणि का सोडावं? म्हणून अंधारात एकटीनं पळ असं मी सांगणार नाही. हायवेवर तर नाहीच, तिथे ट्रकवाल्याला तू दिसतही नाहीस. पण सव्वापाच ते साडेसहा या वेळात गावातल्या शाळेचं ग्राउंड मिळतं का बघ. गावात भरतीची तयारी करणारी तू एकटी नसशील, दोघी-तिघी जमा. कोणाचा तरी भाऊ किंवा बाप ग्राउंडच्या कडेला चहाचा कप घेऊन बसला तरी पुरतं. आणि घरी आईशी बोल. आठवड्यातून तीनच दिवस, पाणी भरायचं काम दुसऱ्या कोणाकडे. भाऊ आहे का गं घरात? त्याला हंडा उचलता येतो. तीन दिवस पुरे आहेत, सात मागू नकोस, सात मागितले तर एकही मिळायचा नाही.

त्या तीन पहाटे फक्त ८०० ची तयारी. दोनशे-दोनशेच्या सहा फेऱ्या, मधे दम खाली बसेपर्यंत चालणं. दुसऱ्या दिवशी चारशेच्या तीन. तिसऱ्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं सावकाश, सोबतीणीशी बोलता येईल अशा चालीनं. दर पंधरा दिवसांनी एकदा पूर्ण ८०० घड्याळ लावून, तेही सूर्य उगवायच्या आत. ते टायमिंग खरं धर. भरतीत ८०० चे पूर्ण वीस गुण देणारं २:५० अजून लांब असलं तरी तुला तुझी खरी जागा त्यातून कळेल.

मग संध्याकाळचं काय करायचं? अकॅडमीची फी भरली आहेस, ती वाया घालवायची नाही. इथे एक गोष्ट तुझ्या बाजूनं आहे. ऊन वैरी आहे ते लांब पळण्याचं. १०० मीटरचं नाही. चौदा-पंधरा-सोळा सेकंदांच्या कामात अंगात उष्णता साठायला वेळच मिळत नाही, उलट गरम स्नायू बरे पळतात. गोळाफेकीचंही तसंच, आणि ते तर कडुनिंबाच्या सावलीत उभं राहूनही घोटता येतं. दोन्हीला मिळून तीस गुण आहेत, ८०० ला वीस. म्हणून संध्याकाळी सरांना सांग, "सर, पावसाळा लागेपर्यंत मी संध्याकाळी १०० मीटरचे स्टार्ट आणि गोळा करते, ८०० सकाळी करते. टायमिंग दर पंधरा दिवसांनी तुम्हाला दाखवते." पाया पडून नाही आणि भांडूनही नाही, वही पुढे ठेवून सांग. आकडे सुधारताना दिसले की बहुतेक सर ऐकतात. नाही ऐकले तर संध्याकाळच्या फेऱ्या मार, पण सात वाजता, आणि निम्म्याच.

उन्हाची सवय अजिबात करायची नाही, असं मात्र नाही. भरतीची तारीख आपल्या हातात नसते. उन्हातही पळावं लागेल. शरीर उन्हाला सरावतं आणि त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणजे त्या दोन पाइपांच्या नळाला जरा जास्त पाणी येतं. मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. यासाठी मरमर नको. सकाळी सात-साडेसातच्या उन्हात वीस मिनिटांपासून सुरू कर, जॉगिंग आणि चालणं आलटून पालटून, दर दोन दिवसांनी चार-पाच मिनिटं वाढव, चाळीसवर थांब. त्या दिवशी घड्याळ घरी ठेव. मे अखेरच्या नवतप्यात मात्र हेही बंद, ते नऊ दिवस नुसती पहाट. आणि परवाच्या शहाऱ्यांनंतर पहिले दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती घेऊन मगच याला हात घाल. एकदा ऊन बाधलं की पुढचे काही दिवस ते लवकर बाधतं.

पाण्याबद्दल सर अर्धं बरोबर सांगतात. पळायच्या पाच मिनिटं आधी लोटाभर पाणी ढोसलं तर पोटात डुचमळतं आणि बरगडीखाली कळ येते. पण त्यावरून 'पाणीच पिऊ नये' हे कुठून आलं? दीड-दोन तास आधी दोन ग्लास, पळायच्या आधी चार घोट, मधल्या विश्रांतीत तहान लागेल तसं. संपल्यावर किती प्यायचं हे कळायला एकदा वजन करून बघ, पळण्याआधी आणि नंतर. एक किलो उतरलं तर एक लिटर पाणी गेलं. (मैत्रिणीचं उतरणारं 'वजन' तेच आहे, त्याकडे येतेच.) ते पुढच्या काही तासांत सावकाश भरून काढ. उगाच बाटल्यांवर बाटल्या नुसतं पाणी रिचवू नकोस. जास्त पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं, त्यानंही भोवळ येते आणि माणूस दगावूही शकतो.

तू लिहिलं नाहीस, पण मी विचारते. ग्राउंडवर बायकांना जायला जागा नाही म्हणून तू सकाळपासून पाणी टाळतेस का? माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी किती तरी जणी हे करायच्या आणि सांगायच्या नाहीत. पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीला जळजळतं, डोकं दुखतं, आणि मग सगळे मिळून म्हणतात पोरगी नाजूक आहे. शाळेच्या ग्राउंडचा आग्रह मी त्यासाठीही धरला. मुख्याध्यापकांना भेटून स्वच्छतागृहाची किल्ली मागा, तिघी मिळून जा. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पाणी पुरतंय. गडद दिसला तर त्या दिवशी जोराचा सराव नाही.

मीठ-साखरेचं फार मनावर घेऊ नकोस. पाऊण तासाच्या सरावाला साधं पाणी चालतं, मीठ जेवणातून मिळतं. घाम खूप गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं, दोन्ही उत्तम. ओआरएसची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरातच घाल, ग्लासात अर्धी टाकून गोड पाणी करू नकोस. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. या साध्या पाण्याची ताकद १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिली. कॉलऱ्यानं माणसं पटापट जात होती, सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं. दुकानातल्या रंगीत गोड डब्यांना ती सर नाही, आणि पैसे मात्र ते चांगलेच घेतात.

प्लॅस्टिकचं ऐकून मला खरंच राग आला. तुझ्यावर नाही. कूलरच्या ताट्यांवर ताडपत्री टाकून कूलर चालू करतो का आपण? घाम उडायलाच दिला नाही तर अंग आतल्या आत शिजतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन पळायला उतरला. उन्हानं कातडी भाजू नये म्हणून त्यानं अंगाला चरबी चोपडली होती असं सांगतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. चरबी काय आणि प्लॅस्टिक काय, घामाची वाट दोन्हींनी बुजते. वजनकाट्यावर उतरतं ते पाणी, आणि ते संध्याकाळी पहिल्या दोन तांब्यांत परत येतं. मैत्रिणीलाही हे वाचून दाखव.

कपडे फिक्या रंगाचे, सैल. अकॅडमीचा काळा टी-शर्ट असेल तर तो पहाटे घाल. सुती कपडा घामानं जड होतो म्हणून शहरातले पळणारे त्याला नावं ठेवतात, पण आपल्या कोरड्या हवेत ओला सुती दुपट्टा डोक्याला आणि मानेला गुंडाळला तर तो चालताबोलता कूलरच आहे. पळताना सोड, विश्रांतीत पुन्हा भिजवून घे.

आणि कांदा. आईचा कांदा खिशात राहू दे. त्यानं ऊन थांबत नाही, पण आईचा जीव थाऱ्यावर राहतो. फक्त कांदा आहे म्हणून पाण्याची बाटली विसरू नकोस. घरी आल्यावर तोच कांदा बुक्कीनं फोड आणि भाकरीबरोबर खा.

एक तपासणी मात्र नक्की कर. आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन बघून घे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असलं की 'अर्ध्यातच पाय जड होतात' हेच वाक्य ऐकू येतं, अगदी जानेवारीतसुद्धा. बारा ग्रॅमच्या खाली निघालं तर डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घे, त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू पाण्याबरोबर घे. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही सांग, लाजू नकोस. पळायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन उतरायची एक वाईट खोड अकॅडम्यांत पसरली आहे, तिच्यापासून लांब राहा. अंगात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर येतात.

ग्राउंडवर तुमच्यापैकी कोणी भेलकांडायला लागली, असंबद्ध बोलायला लागली, नाव-गाव विचारल्यावर उत्तर चुकलं, तर तो उष्माघात समजा. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हे खोटं आहे, पळताना झालेल्या उष्माघातात अंग घामानं थबथबलेलं असू शकतं. अशा वेळी पहिलं काम अंग गार करणं. १०८ ला फोन एकीनं लावायचा, बाकीच्यांनी तिला सावलीत ओढायचं, बूट आणि वरचे कपडे काढायचे, मिळेल ते पाणी बादल्यांनी ओतायचं, जोरजोरात वारा घालायचा. शाळेत पाण्याची टाकी किंवा हौद असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडीत टाकून तापलेल्या रस्त्यानं अकोला गाठण्याच्या घाईत तो पहिला अर्धा तास वाया गेला, तर पुढे डॉक्टरांच्याही हातात फार काही राहत नाही.

आता चाचणीचा दिवस, कारण अनेक जणी तिथे पळताना नाही, रांगेत हरतात. पहाटे पाचला बोलावतात. मग कागदपत्रं, उंची, चेस्ट नंबर, आणि तुझी बॅच येते तोवर दहा-अकरा वाजतात. तीन तास उन्हात उभं राहून आलेली मुलगी तीन मिनिटं काय पळणार? सावली दिसली की तिथे बस, शरम नको. छत्री ने. दोन बाटल्या पाणी, एका बाटलीत ओआरएस, दोन केळी, गुळ-शेंगदाण्याचे लाडू. दुपट्टा ओला ठेव. पुढची बॅच तुझी आहे हे कळल्यावरच वॉर्मअप, तोही सात-आठ मिनिटांचा, सावलीत. नंबर पुकारला की तोंड, मान, मनगटं ओली कर आणि जा. पहिले दोनशे मीटर मुली जीव खाऊन पळतात, तू तुझ्या चालीनं पळ. उन्हात पहिल्या दोनशेची उधळपट्टी शेवटच्या दोनशेला दुपटीनं वसूल होते.

तारीख कळली की मला कळव. चाचणी मे महिन्यात आली तर वरचं सगळं असंच राहील. पण पहिला पाऊस पडून गेल्यावर आली, तर बदल करावा लागेल. तेव्हा तापमान ३५ वर उतरलेलं असतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं, पण हवा दमट झालेली असते. मृगात तुमचा कूलर कसा निकामी होतो आठव, नुसती ओली वाफ फेकतो. घामाचंही तेच, तो टपटप गळतो पण उडत नाही. ओल्या दुपट्ट्याचाही तेव्हा काही उपयोग नाही, त्याऐवजी थंड पाणी डोक्यावर ओतणं आणि विश्रांतीचा वेळ दीडपट. मुंबई-ठाण्याकडचं मैदान मिळालं तरी हेच लागू. हॉल तिकिटावर तारीख आणि मैदान दोन्ही असेल, आणि हिमोग्लोबिन किती निघालं तेही त्याच पत्रात लिही.

– तुझी ताई